उंच पोटाची गाडी

२८ जून

पुढचा अ‍ॅक्सल गेला. कोल्गा नदीच्या ऐन मध्यावर!

खाडकन आवाज झाला, स्टिअरिंग हातात ढिलं पडलं आणि गाडी जी बसली ती बसलीच. पाणी दारातून आत. मागे हाल्बेराचं सामान – पीठ, साखर, रॉकेल, मेंढ्यांचं औषध. मी टपावर चढून बसलो आणि शिव्या देत राहिलो. नदीला काय, ती ऐकते थोडीच.

केटिल गवत बघायला बाहेर पडला होता म्हणून त्याला दिसलो. ट्रॅक्टर आणला, साखळी टाकली, ओढून काढलं. वर म्हणतो कसा – "ओग्मी, मासे धरायला बसला होतास तर गळ तरी न्यायचास!" बोल बाबा. शेजारी एकच आहे, तो असा.

पीठ गेलं. रॉकेल वाचलं.

२९ जून

गाडीखाली पडून बघितलं. अ‍ॅक्सलच्या मधला गोळा फुटलाय. आतले दाते पत्र्याच्या डब्यात जमा केले. मूठभर भरले.

वसंतात वरची हिमनदी फुटून पूर आला, तेव्हापासून कोल्गा वेड लागल्यासारखी वागतेय. आधी वाळूवर पसरून वाहायची, कुठूनही घाला गाडी. आता सगळं पाणी एकाच पात्रात, आणि तळाला वासराएवढाले धोंडे. साध्या अ‍ॅक्सलची गाडी तिथून जाणं शक्य नाही. गोळा खालीच लोंबतो, पहिल्या धोंड्यावर आपटणार.

आणि पलीकडे माणूस एकच. सेल्बाक्कीत हाल्बेरा.

३० जून

सामान शेवटी केटिलने ट्रॅक्टरवरून नेऊन दिलं. जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडला. वर छप्पर नाही, काही नाही. परत आला तो दात वाजवतच. "उन्हाळा आहे म्हणून एकदा गेलो," म्हणाला. "थंडीत मला सांगू नकोस. आणि त्या म्हातारीला ट्रॅक्टरवर बसवून आणायचं असेल तर तेही मला सांगू नकोस, वाटेतच गोठेल ती."

कुणी सांगितलंय आणायला? ती कुठे जाणार आहे?

२ जुलै

हवामानाच्या बातम्या संपल्या की तिचा फोन येतो. आमची घंटी दोन लांब, एक आखूड. गेल्या हिवाळ्यात ती पडली ते दोन दिवस सोडले, तर आई गेली त्या हिवाळ्यापासून एक दिवस चुकलेला नाही.

"आहेस का रे, पोरा?"

"आहे."

"जेवलास?"

"जेवलो."

"काय?"

"सुका मासा. लोणी."

"म्हणजे नाही जेवलास."

मग मी विचारतो, तुझं कसं आहे. "माझं काय, बरं आहे." मग वारा. मग मेंढ्या. मग ठेव म्हणते.

यापेक्षा जास्त बोलताही येत नाही. एका तारेवर सगळं खोरं. कुणाचीही घंटी वाजली की घरोघर रिसीव्हर हळूच उचलले जातात. खट् – हा केटिल. खट् – ही त्याची बायको स्वयंपाकघरातून. एकदा मी म्हटलं होतं, पोट बिघडलंय. दुसऱ्या दिवशी दुकानात तिघांनी औषध सुचवलं! तेव्हापासून वारा आणि मेंढ्या.

चौऱ्याऐंशीची बाई, एकटी. दिवसातून एकदा कुणाचा तरी आवाज ऐकला की तिला धीर येतो. मी घेतो फोन. माझं काय जातं?

९ जुलै

अर्नदीस आली होती. खोऱ्याच्या पंचायतीची अध्यक्ष. जीप दारात उभी केली तेव्हाच ओळखलं, ही कॉफीसाठी नाही आली. तरी कॉफी दिली. दोन कप प्यायली, तरी विषयावर येईना. मीच म्हटलं, बोल एकदाची.

तर असं – हिवाळ्याच्या पहिल्या दिवसापर्यंत कोल्गापार खात्रीने जाणारी गाडी नसेल, तर पंचायत हाल्बेराला गावातल्या वृद्धाश्रमात हलवणार. तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरने. "गेल्या हिवाळ्यात ती पडली तेव्हा दोन दिवस जमिनीवर होती, ओग्मुंदुर. तू पोचलास म्हणून वाचली. या वर्षी कोण पोचणार?"

"मी पोचेन."

"कशात? त्याच्यात?" खिडकीतून गाडीकडे बोट. तीन चाकांवर उभी होती बिचारी.

मग म्हणाली, "तू तिला विचारलंयस का, तिला काय हवंय ते?"

मला रागच आला. त्यात विचारायचं काय? साठ वर्षं त्या घरात राहिली बाई. नवरा तिथंच पुरलाय. म्हटलं, "आणि विचारू कुठे? फोनवर? सगळ्या खोऱ्यासमोर?"

"म्हणूनच मीही विचारलं नाही," अर्नदीस म्हणाली. "पण कुणीतरी विचारायला हवं."

गेल्यावर कप धुतले. बशी फुटली एक.

१० जुलै

तिला नेलं तर काय राहतं इथं? केटिल आहे, पण केटिलला बायको आहे, भाऊ आहे, गप्पांना माणसं आहेत. मला कोण? आज हिशोब लागला – अर्नदीस सोडली तर तीन दिवसांत मी बोललो ते फक्त फोनवर. "आहे." "जेवलो."

नाही जाऊ देणार. झालं.

१३ जुलै

पोर्टल अ‍ॅक्सल! मला आधी का नाही सुचलं?

साध्या अ‍ॅक्सलचा दांडा चाकाच्या मध्यातून जातो, म्हणून मधला गोळा जमिनीच्या जवळ. पोर्टलमध्ये दांडा वर जातो, आणि दोन्ही टोकांना एकेक लहान गिअरपेटी खाली उतरून चाकाला मिळते. म्हणजे चाकं जागच्या जागी, पोट वर! हातभर वर! धोंडा खालून जाईल आणि गाडीला पत्ताही लागणार नाही. शिवाय पेट्यांमुळे जोर वाढतो. वेग कमी होतो, पण मला कुठे शर्यत लावायचीय.

केटिलला सांगितलं. तो म्हणाला, बंदरावर जर्मन लष्कराचा एक जुना ट्रक पडलाय, इंजिन गेलेलं, अ‍ॅक्सल शाबूत. मालकाला घोड्यांचा नाद आहे.

१६ जुलै

स्क्योना दिली. बदल्यात ट्रक.

चांगली घोडी होती. चितकबरी, चाल मऊ. गाडीत चढवताना मागे वळून बघत होती. मी बघितलं नाही.

१९ जुलै

अ‍ॅक्सल अंगणात आले. मी आणि केटिलने ट्रॅक्टरच्या हाताने उतरवले. एकेक असा जड की जमीन दबली. चारही टोकांच्या पेट्या उघडून बघितल्या. दाते नवेच्या नवे. एकीतून मात्र तेलाऐवजी दूध निघालं – म्हणजे पाणी शिरलंय. सील बदलावी लागणार.

हाल्बेराला फोनवर सांगितलं, उंच पोटाची गाडी करतोय.

"कशाला?"

"तुझ्याकडे यायला!"

तारेवर दोन-तीन जणांचे श्वास ऐकू येत होते. मग म्हणाली, "त्यात माणूस आरामात बसतं का?"

"खुर्चीत बसल्यासारखं!"

"मग कर," म्हणाली.

केवढा आनंद झाला तिला! आवाजातच कळलं.

२१ जुलै – ५ ऑगस्ट

गवत. गवत. पाऊस. पुन्हा गवत. पाठ मोडली. गाडीला हात नाही.

७ ऑगस्ट

जुना अ‍ॅक्सल सोडवला. गंजलेले नट फुटता फुटेनात. आगीने तापवले, पाइप घालून लोंबकळलो. पाना सटकला आणि मी उताणा. बरगडी दुखतेय. कुणी बघितलं नाही हे बरं. आणि बरं नाहीही. खरंच मोडली असती तर?

रात्रीच्या फोनला तिने विचारलं, "आवाज असा का येतोय?" म्हटलं, सर्दी.

"सर्दीत माणूस असा श्वास नाही घेत," म्हणाली. कान कसले तीक्ष्ण!

११ ऑगस्ट

अडचण आली. जर्मन अ‍ॅक्सलचा गोळा उजवीकडे. माझ्या गाडीच्या मधल्या गिअरपेटीतून शाफ्ट निघतो तो डावीकडून. पुढे-मागे दोन्हीकडे तेच. शाफ्ट तिरका घातला तर जॉइंट खाईल.

दिवसभर अ‍ॅक्सलकडे बघत बसलो. स्टुलावर. कॉफीचा थर्मास संपवला.

१२ ऑगस्ट

सुटलं! अ‍ॅक्सल उताणा करायचा! खालची बाजू वर केली की गोळा आपोआप डावीकडे. मग टोकाच्या पेट्या सोडून अर्धा फेरा फिरवायच्या, पुन्हा खाली लोंबत्या बसवायच्या. तेल भरायची जागा खाली येते, तिथे बूच लावायचं आणि वरच्या बाजूला नवीन भोक पाडायचं. एवढंच.

केटिलला चित्र काढून दाखवलं. तो म्हणाला, "डोकं आहे रे तुझं!"

आहेच.

१७ ऑगस्ट

स्प्रिंगच्या पाट्यांच्या बैठका कापल्या, दुसऱ्या बाजूला वेल्ड केल्या. डोळे चुरचुरताहेत. दिवसभर केटिल नव्हता. त्याच्या मेव्हण्याचं लग्न. मला बोलावणं होतं. गेलो नाही. लग्नात माणसं विचारतात, तू कधी? आता विचारायचंही सोडून दिलंय त्यांनी. ते जास्त वाईट.

२३ ऑगस्ट

पुढचा बसला. गाडी जिराफासारखी उभी आहे. दारात चढायला खोका लागतो. म्हातारीसाठी पायरी करायला हवी. ती कधीमधी दुकानात जाईल माझ्याबरोबर.

२९ ऑगस्ट

मागचाही बसला. ब्रेकच्या नळ्या, शाफ्ट, तेल – सगळं. उद्या सुरू करतो. केटिल म्हणतो मी येतो, बायकोलाही आणतो. म्हटलं, आण, केकही आण!

३० ऑगस्ट

कपाळ माझं!

केटिल आला, त्याची बायको आली, तिची आई आली, केकही आला. मी वर चढलो. इंजिन एका झटक्यात सुरू झालं. हात हलवला. पहिला गिअर टाकला, क्लच सोडला – आणि गाडी मागे गेली! मागे! गवताच्या कोठारात घुसली. दुसरा टाकला. मागे. तिसरा. मागे, जास्त जोरात. मग मागचा गिअर टाकला तर महाराणी पुढे निघाल्या.

केटिल जमिनीवर बसला. हसून हसून डोळ्यांतून पाणी. "ओग्मी! जगातली पहिली गाडी – मागे जायला चार गिअर, पुढे जायला एक!" त्याची सासू म्हणाली, "आरसे मोठे लाव." केक खाऊन गेले सगळे.

मला कळायला हवं होतं. अ‍ॅक्सल उताणा केला की आतलं मोठं दातेरी चाकही दुसऱ्या बाजूला जातं. फिरणं उलटं. शेंबड्या पोराला कळेल. डोकं आहे म्हणे! डोंबल आहे.

संध्याकाळी दोन लांब, एक आखूड.

"ऐकलं मी," म्हणाली. कुणी सांगितलं हे मला विचारायचीही गरज नव्हती. "मग पाठमोराच ये. पाठीवरून ओळखेन तुला."

मी हसलो. मोठ्याने. आणि तारेवर अख्खं खोरं हसलं, केटिलसुद्धा, त्याची बायकोसुद्धा. सगळे एकदम. मग लाज वाटून सगळ्यांनी खट् खट् रिसीव्हर ठेवले. आम्ही दोघंच उरलो. असं कधी होत नाही.

तिने एकदम विचारलं, "किती दिवस लागतील अजून?"

म्हटलं, हिवाळ्याच्या आत नक्की. तू काळजी करू नकोस, हलू देणार नाही तुला तिथून.

तेवढ्यात खट् झालं, कुणीतरी परत उचललं होतं. "वारा पडलाय इकडे," म्हणाली.

४ सप्टेंबर

सगळं परत सोडवतोय. वेल्ड कापतोय. ज्या हातांनी केलं त्याच हातांनी.

उपाय आहे – अ‍ॅक्सल सरळ ठेवायचे आणि मधली गिअरपेटीच बदलायची. ब्रिटिश जीपची. तिचा शाफ्ट उजवीकडून निघतो. केटिलच्या भंगारात तसली एक जीप आहे, तिच्यात कोंबड्या राहतात.

९ सप्टेंबर

कोंबड्यांना हुसकावलं. केटिल गिअरपेटीचं काहीच घेत नाही म्हणाला. "तू जे हसवलंस त्याची किंमत आहे ही." मेला बरा आहे तसा.

१८ सप्टेंबर

डोंगरातून मेंढ्या खाली आल्या. पाच दिवस वर होतो, उसनं घोडं घेऊन. मागच्या पायाने लंगडं. स्क्योनाची आठवण येत राहिली.

आज वाड्यात ज्याच्या त्याच्या मेंढ्या वेगळ्या केल्या. सगळा मुलूख लोटला होता. गाणी, तपकीर, बाटल्या फिरताहेत. प्रत्येकाच्या गळ्यात कुणाचा ना कुणाचा हात. मी कुंपणाला टेकून उभा. कुणीतरी बाटली दिली, मी प्यायलो, परत दिली, तो पुढे गेला. एवढ्या गर्दीत जेवढं एकटं वाटतं, तेवढं गाडीखाली पडल्यावरसुद्धा वाटत नाही.

हाल्बेराच्या मेंढ्या पलीकडून पोरांनी घोड्यांवरून हाकून आणल्या. तिने निरोप दिला होता – परत पाठवू नका, केटिलच्या बायकोला द्या. सगळ्या. रात्री विचारलं तिला, असं का? "गवत कमी आहे यंदा," म्हणाली. बरोबर आहे. शहाणी बाई. मेंढ्या नसल्या की तिला अंगणात जायला नको, बर्फात पडायला नको. उलट अर्नदीसला सांगायला बरं – आता काम नाही तिला, निवांत राहील घरी.

२ ऑक्टोबर

पहिला बर्फ. लगेच वितळला.

गिअरपेटी बसली. बैठक तीन वेळा कापून केली. बोटं बधिर.

७ ऑक्टोबर

पहिला गिअर टाकला. डोळे मिटून. पुढे गेली! दुसरा – पुढे! अंगणाला चार फेऱ्या मारल्या. एकटाच ओरडत होतो. कुत्रासुद्धा नाही घरात आता, कुणाला दाखवणार? मग दोन लांब, एक आखूड वाजायची वाट न बघता मीच फिरवलं. दुपारी! तिला वाटलं कुणी मेलं.

"पुढे जातेय!" मी ओरडलो.

"बरं झालं, बाळा," ती म्हणाली. बाळा कधी म्हणत नाही. मग नाक शिंकरल्याचा आवाज आला. सर्दी असेल.

१२ ऑक्टोबर

घरामागच्या ओढ्यात घातली. कमरेएवढं पाणी. खालून वाहतंय आणि मी वर खुर्चीत! बाहेर आल्यावर चारही पेट्यांच्या बुचांतून थोडं थोडं तेल काढून बघितलं. स्वच्छ. काळं, चिकट, सुंदर. एका थेंबाचंही दूध झालेलं नाही.

पायरी वेल्ड केली. म्हातारीचा गुडघा वर उचलत नाही, म्हणून दोन पायऱ्या. वर पकडायला कडी.

१५ ऑक्टोबर

अर्नदीस बघून गेली. गाडीभोवती फिरली, खाली वाकून पोट बघितलं. "केलंस तू," म्हणाली. मी छाती फुगवली.

जाताना पुन्हा तेच – "तिला विचार हं, ओग्मुंदुर. समोर बसून."

हो हो. तिच्या टेबलावर कॉफी पिता पिता विचारतो. उत्तर मला ठाऊक आहे.

२१ ऑक्टोबर

उत्तरेचा वारा, आकाश स्वच्छ. पाणी उतरलंय. परवा जातो. हिवाळ्याच्या पहिल्या दिवसाच्या आदल्या दिवशी. अर्नदीसच्या तोंडावर मारायला.

हाल्बेराला सांगितलं. "काय आणू?"

"काही नको."

"कॉफी? पीठ?"

"काही आणू नकोस, पोरा. मोकळा ये."

तरी घेतलं सामान. हिवाळा काढायचाय तिला.

२३ ऑक्टोबर

केटिल काठावर आला होता. आधी मी दोर कमरेला बांधून, काठी घेऊन पाण्यात उतरलो. दुसरं टोक त्याच्या हातात. पाणी छातीशी. धोंड्यांची जागा काठीने चाचपली. पाय बर्फ झाले. परत येऊन कोरडे कपडे घातले, वर चढलो.

"बुडालास तर घोडी मी घेईन," केटिल ओरडला.

"घोडी कुठाय आता, गाढवा!"

आणि घातली पाण्यात. प्रवाहाला तिरक्या रेषेत, पहिल्या गिअरात, पाय न उचलता. पाणी डाव्या दारावर थडकत होतं. मध्यावर – जिथं जूनमध्ये बसलो होतो त्याच जागी – गाडी डुलली, थांबल्यासारखी झाली, आणि खालून खर्र असा आवाज आला... धोंडा. पोटाखालून गेला. शिवलाही नाही, टायरच नुसतं घासलं. मग पुढची चाकं वर चढली, मागची चढली, आणि मी पलीकडे! मागे केटिल टोपी हवेत उडवत होता.

वाळूवर अकरा किलोमीटर. गाणं म्हटलं. मला गाता येत नाही.

सेल्बाक्कीच्या धुराड्यातून धूर नव्हता. धावतच दार उघडलं.

ती स्वयंपाकघरात बसली होती. कोट घातलेला, डोक्याला रुमाल, हातमोजे. पायाशी एक सुटकेस, दोऱ्याने बांधलेली. चूल विझवलेली, राख काढलेली. टेबल पुसलेलं. खिडकीत नेहमीची फुलांची कुंडी नव्हती.

"कॉफी?" मी विचारलं. दुसरं काही सुचलं नाही.

"थर्मासमध्ये भरलीय. वाटेत पिऊ."

"कुठल्या वाटेत?"

"मला घेऊन चल, पोरा. गावात. मेंढ्यांबरोबर चिठ्ठी धाडली होती मी, अर्नदीसने खोली ठेवलीय."

माझं तोंड सुटलं. काय काय बोललो! अर्नदीसने भरवलं ना हे तुझ्या मनात? पंचायतीला घाबरलीस? मी आलोय ना, नदी ओलांडून आलोय, दर आठवड्याला येईन! हे सगळं कुणासाठी केलं मी? घोडी दिली! उन्हाळा घातला! ती ऐकत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "माझ्या मनात कुणी काही भरवत नाही. ती सुटकेस उचल, जड आहे."

उचलली. काय करणार?

निघताना तिने शेल्फावर काड्यापेटी ठेवली, कॉफीचा डबा, रॉकेल. कुणी वाटसरू वादळात अडकला तर. दाराला कुलूप नाही, नुसती कडी. मी आणलेलं सामानही तिथंच ठेवायला लावलं. मग मी केलेल्या दोन पायऱ्यांवर पाय ठेवून, कडी धरून चढली. "छान केल्यास पायऱ्या," म्हणाली. मागे वळून बघितलं नाही.

नदी आली, ओलांडली. ती खिडकीतून पाणी बघत होती. मी तिच्याशी बोललो नाही. केटिलने काठावर टोपी काढली, एक शब्दही बोलला नाही, म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक होतं. मलाच नाही.

गावात सोडून आलो. दार उघडून दिलं, सुटकेस ठेवली, निघालो. आज हवामानाच्या बातम्या संपल्या. फोन वाजला नाही. वाजणार कसा? उत्तरेचा वारा आहे. घर इतकं गप्प आहे की पेन कागदावर चालताना ऐकू येतंय. चार महिने एका गाडीच्या पोटाखाली पडून राहिलो, आणि तिला जायला वाट करून दिली! माझ्याच हातांनी. तिला इतकी घाई होती जायची, तर मी कोण होतो इतकी वर्षं? सामान आणणारा माणूस.

२४ ऑक्टोबर

हिवाळ्याचा पहिला दिवस. काही नाही.

२५ ऑक्टोबर

एक गोष्ट परवा लिहिली नाही. लिहवली नाही.

वृद्धाश्रमाच्या दारात तिने माझी बाही धरली. म्हणाली, "तुझी आई गेली त्याच हिवाळ्यात मला इथे यायचं होतं रे. गुडघे तेव्हाच गेले होते, भीती वाटायची रात्री. पण मी आले असते तर तू कुणाकडे आला असतास? घरातून बाहेरच पडला नसतास. फोनवर सांगता येईना, आणि समोर आलास की तू इतका खूश असायचास, तोंडातून निघेना."

मी तिची सुटकेस दाराच्या आत ठेवली. मग म्हटलं, "रविवारी येतो."

"मध्ये नदी नाही हं आता," ती म्हणाली. "तरी येशील?"

म्हटलं, तरी येईन.